कॅसेटच्या दुसऱ्या पानावरचे खेळ

बेळ्ळंदूरला आउटर रिंग रोडलगत उभ्या राहिलेल्या मोठमोठ्या गृहसंकुलांत मराठी घर शोधायला फारसे फिरावे लागत नाही. पुणे, सोलापूर, नागपूर, बेळगाव अशा ठिकाणांहून संगणकाच्या नोकरीसाठी आलेली यातली बरीच मंडळी आज चाळिशीच्या आसपास आहेत. म्हणजे १९९० च्या दशकात ती शाळेत होती, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या उन्हाळी सुट्या टीव्हीसमोर फतकल मारून 'व्हिडिओ गेम' खेळण्यात गेल्या. गावाकडचे घर आवरायला काढले की तो माळ्यावरून खाली येतो. वायरींचा गुंता, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर दिमाखात छापलेले असते, '९९९९९९९ खेळ एकात'!

आता याचे करायचे काय? भंगारवाल्याला द्यायचे का? वाचकहो, इतकी घाई नको. त्या कॅसेटमध्ये आपण कधी उघडूनही न पाहिलेले काही फार चांगले खेळ आहेत.

कोणालाही विचारा, नावे तीच निघतात: मारिओ, काँट्रा, रणगाड्यांचा खेळ आणि बंदुकीने टिपायची बदके. कॅसेट लावली की पडद्यावर यादी यायची, आणि आपले बोट पहिल्याच पानावर थांबायचे. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर कोण जातो? तिथे विचित्र नावांचे, 'लहान मुलांचे' वाटणारे खेळ असत. आज घरातल्या मुलाबरोबर, किंवा आजीबरोबरही, बसून खेळावे असे खेळ नेमके तिथेच आहेत.

ते तिथे आले कसे, याची गंमत आहे. 'समुराई', 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा नावांनी आपल्याकडे जी यंत्रे विकली गेली, त्यांचे मूळ म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आणलेला 'फॅमिली कॉम्प्युटर'. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा बंगळुरूच्या नॅशनल मार्केटमध्ये मिळणाऱ्या बहुतेक कॅसेटी म्हणजे विनापरवाना नकला होत्या, हे स्पष्ट सांगितलेले बरे. नक्कल करणाऱ्याला एका कॅसेटमध्ये जास्तीत जास्त खेळ कोंबायचे असत. म्हणून त्याने लहान खेळ उचलले. १९८३ ते १९८५ या काळातले सुरुवातीचे बहुतेक खेळ ४० किलोबाइटपर्यंतचेच होते. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो याच्या पन्नास-शंभर पट जागा घेतो! मग तेच पाच-पन्नास खेळ, कधी पहिल्या पायरीपासून तर कधी दहाव्या, पुन्हा पुन्हा यादीत घालून आकडा फुगवला जाई. नव्व्याण्णव लाखांचे रहस्य एवढेच.

पण या चोरीच्या मालात नकळत एक खजिना आला. यांतले कितीतरी खेळ फक्त जपानसाठी काढलेले होते. आपला लाडका रणगाड्यांचा खेळ, म्हणजे नामको कंपनीचा १९८५ चा 'बॅटल सिटी', त्या काळी अमेरिकेतल्या मुलांना घरच्या यंत्रावर मिळालाच नाही. १९८४ चा 'डेव्हिल वर्ल्ड' धार्मिक चिन्हांमुळे तिकडे गेला नाही. अमेरिकेत तो अधिकृतपणे पोहोचला २०२३ साली. आपल्या मुलांनी मात्र हे खेळ जेवणाच्या हाका येईपर्यंत खेळून घेतले होते.

आता दुसऱ्या पानाकडे वळू. सर्वांत आधी 'बायनरी लँड'. हडसन कंपनीचा, १९८५ चा. पडद्याच्या दोन बाजूंना दोन पेंग्विन, एक तो आणि एक ती. मधोमध भिंत. रिमोटचे उजवे बटण दाबले की एक उजवीकडे जातो आणि दुसरी डावीकडे. वरचे दाबले की दोघेही वर. दोघांना वरच्या बदामापाशी एकाच वेळी पोहोचवायचे. ऐकायला सोपे. पण दोन्ही बाजूंचे रस्ते सारखे नसतात, कोळी फिरत असतात, आणि एकाला सांभाळताना दुसरी जाळ्यात अडकते.

आमच्या परिचयाच्या एका घरातली गोष्ट सांगते. आई-वडील दोघेही नोकरी करणारे. रस्त्यावरच्या वाहतुकीमुळे संध्याकाळी घरी पोहोचण्याची वेळ त्यांच्या हातात नसते. सोलापूरहून आजी दोन महिन्यांसाठी आलेल्या. दहा वर्षांचा नातू शाळेतून आला की मोबाइल घेऊन आपल्या खोलीत. आजींचे मराठी त्याला कळते, पण उत्तर येते ते इंग्रजीतून, तेही एका शब्दात. भांडण नाही, रुसवा नाही. दोघांनी मिळून करावे असे काहीच नाही, एवढेच. वडिलांनी जुना गेम जोडला आणि उत्साहाने काँट्रा लावला. तीस जीव मिळवण्याची गुप्त युक्तीही दाखवली. मुलाने दहा मिनिटे पाहिले आणि "बाबा, हे किती जुनं दिसतं!" म्हणून तो उठला. वडील हिरमुसले.

दोन दिवसांनी आजी सोफ्यावर बसलेल्या असताना मुलानेच यादी चाळता चाळता पेंग्विन लावले. तो डावीकडच्या पेंग्विनकडे पाहात होता आणि उजवीकडची जाळ्यात जात होती. आजींना राहवेना. "अरे, तिकडे बघ की! ती बघ अडकली!" मग ठरले, रिमोट त्याच्याकडे आणि उजवी बाजू आजींच्या नजरेखाली. "वर घे, थांब, आता डावीकडे." मुलाला 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' यांत क्षणभर गोंधळायला व्हायचे, आणि पेंग्विन बळी पडायचा. आठवड्याभरात गोंधळ कमी झाला. आजींनी रिमोट कधी हातात घेतला नाही, पण "आपण नवव्या पायरीला पोहोचलो" असे त्या फोनवर सोलापूरला सांगत होत्या.

एकट्यासाठी काढलेला हा खेळ दोघांचा होतो, कारण एका माणसाच्या नजरेला दोन्ही बाजू झेपत नाहीत. दुसरे असे की पडदा एकच असतो. मोबाइलवर मूल काय खेळते आहे, ते शेजारी बसलेल्याला दिसत नाही. टीव्हीवर दिसते आणि मग बोलल्याशिवाय राहवत नाही.

'मॅपी' हाही पाहणाऱ्याला बोलायला लावणारा खेळ. पोलिसाच्या वेषातला उंदीर मांजरांनी चोरलेले सामान बंगल्यातून परत आणतो. रेडिओ, टीव्ही, चित्र, तिजोरी. प्रत्येक वस्तू दोन-दोन. एक उचलल्यावर तिचीच जोडीदार उचलली तर गुण वाढत जातात, नाहीतर नुसतीच धावाधाव. उसळीच्या जाळीवर हवेत असताना मांजर उंदराला पकडत नाही, पण जमिनीला पाय न लावता त्याच जाळीवर सारखे उड्या मारत राहिलात तर ती फाटते. घाबरून एका जागी नाचत बसायची सोय नाही!

लहानग्यांसाठी 'अंटार्क्टिक ॲडव्हेंचर' घ्या. कोनामीचा पेंग्विन बर्फावरून धावतो, खड्डे चुकवतो, मासे पकडतो आणि वेळेत पुढच्या तळावर पोहोचतो. तिथे त्या देशाचा झेंडा चढतो. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, अर्जेंटिना, जपान. आपला तिरंगा मात्र नाही. वास्तविक हा खेळ या यंत्रावर आला १९८५ मध्ये आणि भारताचा 'दक्षिण गंगोत्री' तळ १९८३-८४ च्या मोहिमेतच उभा राहिला होता. पुढे 'मैत्री' आणि २०१२ मध्ये 'भारती' आले. खेळता खेळता नकाशा उघडायला हे निमित्त पुरेसे आहे.

'बलून फाइट' बहुतेकांनी खेळलेला असतो, पण त्यातला 'बलून ट्रिप' हा तिसरा पर्याय सहसा कोणी उघडत नाही. शत्रू नाही, मारामारी नाही. विजेच्या ठिणग्यांमधून तरंगत फुगे वेचायचे. हा खेळ लिहिणारे सातोरू इवाता पुढे २००२ मध्ये निन्टेंडोचे अध्यक्ष झाले आणि २०१५ साली त्यांच्या निधनापर्यंत त्या पदावर राहिले. दिवसभराच्या कामानंतर दहा मिनिटे खेळायला आम्हाला याच्याइतका चांगला खेळ दुसरा आठवत नाही. उलट 'अर्बन चॅम्पियन' या ठोसेबाजीच्या खेळाची कोणी कितीही आठवण काढो, दोन फेऱ्यांत कंटाळा येतो. तो खुशाल विसरा.

आणि आता 'लोड रनर'. आमच्या मते या यादीतला सर्वांत गुणी आणि सर्वांत दुर्लक्षित. डग्लस स्मिथ या अमेरिकन तरुणाने विद्यार्थिदशेत तो रचला, १९८३ मध्ये तो संगणकावर आला आणि जुलै १९८४ मध्ये हडसनने तो या यंत्रावर आणला. 'नट्स अँड मिल्क' या हडसनच्याच दुसऱ्या खेळाबरोबर, निन्टेंडोबाहेरच्या कंपनीने या यंत्रासाठी काढलेला तो पहिलाच मानला जातो. यातल्या नायकाला उडी मारता येत नाही, गोळी झाडता येत नाही. तो फक्त आपल्या डाव्या किंवा उजव्या पायापुढची वीट खणू शकतो. पाठलाग करणारा त्या खड्ड्यात पडतो आणि आपण त्याच्या डोक्यावरून निसटतो. पण खड्डा थोड्या वेळाने आपोआप बुजतो, आणि आपण चुकीच्या जागी खणले तर स्वतःच अडकतो. म्हणजे धावण्याआधी विचार करावा लागतो. बुद्धिबळाची आवड असलेल्या आजोबांना हा खेळ द्याच. (हडसनचाच 'बाँबरमॅन' शेवटपर्यंत खेळलात तर त्याचा यंत्रमानव माणूस होऊन याच लोड रनरमध्ये जातो, असा धागा तिथे जोडला आहे.) दोष एकच. पडदा आडवा सरकतो, त्यामुळे सगळी रचना एकदम दिसत नाही.

त्याहून मोलाचा आहे तो मेन्यूवरचा 'एडिट' हा शब्द. तो निवडला की विटा, शिड्या, सोने आणि पाठलाग करणारे आपण हवे तिथे मांडायचे आणि आपणच रचलेला डाव खेळायचा. 'नट्स अँड मिल्क'मध्ये ही सोय आहे. रणगाड्यांच्या खेळातही 'कन्स्ट्रक्शन' या नावाने आहे. वर्षानुवर्षे तो खेळूनही ते न उघडलेले अनेकजण भेटतात. मात्र आपल्या यंत्रांवर हे साठवण्याची सोय नाही. यंत्र बंद केले किंवा लाइट गेली की रचना पुसली गेली. त्यावर उपाय चौकटीच्या वहीचा. मुलाला आधी कागदावर आखू द्या. बहिणीने आखायचे, भावाने सोडवायचे, मग उलट. पानांवर क्रमांक घाला. तासाभराने कळेल की मुले पडद्यापेक्षा वहीवरच जास्त वाकली आहेत.

जोडणीबाबत थोडेसे. यंत्राचा ॲडाप्टर हरवला असेल तर हाताला लागेल तो लावू नका. यंत्रावर लिहिलेले व्होल्ट आणि धन-ऋणाचे चिन्ह पाहून तसाच घ्या, नाहीतर यंत्र जळते. बंगळुरूत एस. पी. रोडवर असे सामान मिळते. जुनी यंत्रे आणि कॅसेटी शोधायच्या असतील तर चिकपेटच्या रविवारच्या बाजारात चक्कर मारून पाहावी. कॅसेट चालत नसली की तोंडाने फुंकर मारायची आपली जुनी सवय सोडा. थुंकीच्या ओलाव्याने तांबे खराब होते. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टोके पुसा आणि वाळू द्या. नव्या टीव्हीला पिवळ्या तारेची जागा दिसत नसेल तर मागे 'एव्ही' लिहिलेले बारीक भोक पाहा. त्यात बसणारी जोडतार वेगळी मिळते. यादीतली नावे बदललेली असू शकतात, तेव्हा नावावर न जाता खेळ उघडून पाहा.

राहिली बंदूक. बदके टिपायचा हट्ट मुले धरतीलच, पण सपाट टीव्हीवर ती चालणार नाही. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो, आणि बंदुकीतला डोळा तो प्रकाश नेमक्या त्याच क्षणी टिपतो. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर ही वेळ जुळत असे, नव्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते. गावाकडच्या घरी तो डबा टीव्ही अजून असेल तर बंदूक तिथेच ठेवा, दिवाळीच्या सुटीत कामी येईल.