सर्व्हरसाठी लिनक्स : मुदत कोणाच्या हाती?

सर्व्हरसाठी लिनक्सचे वितरण, म्हणजे लिनक्सचा गाभा आणि त्याच्याशी जुळवून दिलेल्या हजारो सॉफ्टवेअरचा संच, निवडताना वेगाची आणि नव्या सोयींची चर्चा फार होते. वास्तविक त्या संचाला सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळणार आणि ती मुदत बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

रेड हॅट कंपनीच्या सशुल्क प्रणालीच्या सोर्स कोडवरून तयार होणारे सेंटओएस हे मोफत वितरण असंख्य होस्टिंग कंपन्यांनी आणि विद्यापीठांनी वर्षानुवर्षे वापरले. २०१४ मध्ये तो प्रकल्प रेड हॅटकडे गेला आणि ८ डिसेंबर २०२० रोजी असे जाहीर झाले की, सेंटओएस ८ ची मुदत २०२९ ऐवजी २०२१ च्या अखेरीसच संपेल. जुन्या सेंटओएस ७ ची मुदत मात्र जून २०२४ पर्यंत कायम राहिल्यामुळे, ज्यांनी तत्परतेने नवी आवृत्ती स्वीकारली होती, नेमके तेच आधी अडचणीत आले, आणि हा अन्याय होता. रॉकी आणि अल्मा ही वितरणे या निर्णयातूनच उभी राहिली.

१९९३ मध्ये सुरू झालेले डेबियन कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नाही. त्याची स्थिर आवृत्ती साधारणतः दर दोन वर्षांनी येते व तिला, दीर्घ मुदतीची सेवा धरून, पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. या दुरुस्त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे : जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएच या दूरस्थ प्रवेशाच्या सॉफ्टवेअरमधील गंभीर त्रुटी उघड झाली तेव्हा मूळ प्रकल्पाने ९.८ ही नवी आवृत्ती काढली, तर डेबियन १२ ने आपली ९.२ हीच आवृत्ती ठेवून तेवढाच दोष दूर केला आणि आवृत्तीच्या शेवटी ‘डेब१२यू३’ अशी खूण जोडली. त्यामुळे चालू यंत्रणेची घडी विस्कटत नाही. मात्र केवळ मूळ क्रमांक पाहणारा तपासनीस अशा सुरक्षित सर्व्हरलाही असुरक्षित ठरवतो.

उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्तीही पाच वर्षांची हमी देते, परंतु ती हमी ‘मेन’ या मुख्य भांडारापुरती असते, ‘युनिव्हर्स’ या विस्तृत भांडारासाठी वेगळी वर्गणी लागते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. विशिष्ट व्यापारी डेटाबेस चालवायचा असेल आणि त्याच्या विक्रेत्याने रेड हॅट किंवा सुसे यांनाच मान्यता दिलेली असेल, तर पैसे मोजून तेच घ्यावे. इतर लहान संस्थांनी, विशेषतः जिथे सर्व्हर सांभाळणारा एकच माणूस आहे तिथे, डेबियनचीच स्थिर आवृत्ती घ्यावी.