केरसुणी चालते, चकली चालत नाही

दिवाळीच्या आठवड्यात भडगावच्या बाजारात या. रस्त्याच्या कडेला केरसुण्यांचे ढीग दिसतील, शिंदीच्या पानांच्या, हातानं बांधलेल्या. विकायला बसलेल्या बाया बहुतेक मातंग समाजाच्या. केरसुणीला आपण लक्ष्मी म्हणतो, लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहतो. सत्तर रुपयांची लक्ष्मी लोक पन्नासला मागतात आणि घरी नेतात. ती कोणाच्या हातची आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी कुणाला काही अडचण नसते.

आता त्याच बाईनं शेजारी चकल्या मांडल्या तर?

हा प्रश्न माझ्या घरातला आहे. आम्ही बौद्ध. आमच्याकडे लक्ष्मीपूजन होत नाही, पण दिवाळी हा माझ्या आईच्या कमाईचा महिना. ती चकली, शेव, अनारसे यांच्या ऑर्डरी घेते. पुड्यावर 'आई गृहउद्योग' एवढंच छापलेलं, आडनाव नाही. पहिली दोन वर्षं ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर यायची आणि डबे मी मोटरसायकलवर पोचवायचो. तिसऱ्या वर्षी मी नोकरीसाठी पुण्यात होतो, म्हणून एक काकू डबा न्यायला स्वतः घरी आल्या. दोन्ही वर्षं पाच-पाच किलो नेणाऱ्या. आमच्या दारातून समोरच्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो दिसतो. काकूंनी पाणी नको म्हटलं, पैसे दिले, डबा उचलला. पुढच्या दिवाळीला मेसेज आला, 'यंदा घरीच करतोय.' त्यांच्या ओळखीच्या आणखी चार घरांनीही त्या वर्षी घरीच केलं. भाजणी तीच होती, तेल तेच होतं. आई एवढंच म्हणाली, "माले समजत नही का?"

तिला समजतं, कारण ही गोष्ट जुनी आहे. 1917 साली बडोद्याची नोकरी सोडून आंबेडकर मुंबईला आले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस. पोटापाण्यासाठी त्यांनी शेअर बाजाराबद्दल सल्ला देणारी पेढी काढली. सल्ला देणारा महार आहे हे कळलं, तसं गिऱ्हाईक आटलं आणि पेढी बंद पडली. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 2017 साली, पुण्यात एका उच्चशिक्षित शास्त्रज्ञ बाईंनी आपल्या स्वयंपाकीणबाईंविरुद्ध पोलिसात तक्रार दिली. आरोप काय, तर जात लपवून सोवळं मोडलं. त्या स्वयंपाकीणबाई तर दलितही नव्हत्या.

दर दिवाळीला तुमच्या फोनवर ते रील येतंच. ऑनलाइन नको, पणतीवाल्या आजीकडून घ्या, घासाघीस करू नका. मीही शेअर करतो. चांगलंच आहे ते. पण ते इतकं सोपं का आहे, याचा विचार करा. पणती पेटवायची असते, खायची नसते. केरसुणीनं झाडायचं असतं. आकाशकंदील टांगायचा असतो. गरिबाकडून घेण्याचं पुण्य मिळतं आणि स्वयंपाकघराचा उंबरठा शाबूत राहतो. जात या उंबरठ्याच्या आत बसलेली आहे. तिला रस्त्यावर हुडकून सापडणार नाही.

"आम्ही जात बघत नाही, चव बघतो," असं सांगणारे मित्र मला पुष्कळ आहेत. मग एक करा. तुमच्या गावातली मिठाईची, फराळाची, खानावळीची दुकानं आठवा आणि पाट्यांवरची आडनावं वाचा. काही आडनावं पाटीवर लावली की माल खपतो. 'ब्राह्मणी पद्धतीचा मसाला' हे शब्द जाहिरातीत चालतात. आमच्या लोकांच्या दुकानांना मात्र 'साई', 'श्री', 'आई' अशी नावं असतात, आडनाव आत गल्ल्याखाली. बाजारानं जात आधीच बघितलेली आहे. आडनाव बघून मुद्दाम खरेदी करा म्हटलं, की तेवढ्यापुरता जातीयवाद आठवतो.

सरकारला हे कळतं. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून 4 टक्के खरेदी करण्याची तरतूद आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या दुकानांतून ठरवून खरेदी करा, अशी मोहीम नाताळाच्या दिवसांत चालते. पण आपल्याला एवढं लांब जायची गरज नाही. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना. शाहू महाराज त्या हॉटेलासमोर गाडी थांबवून चहा मागवायचे, सगळ्यांदेखत प्यायचे, सोबतच्यांनाही पाजायचे. त्यांनी हॉटेल काढायला मदत केली होतीच. पण नुसत्या मदतीनं हॉटेल चाललं नसतं. कपाला ओठ लावणारा माणूस लागत होता, आणि तो चारचौघांत लावणारा लागत होता.

म्हणून या दिवाळीला माझं मागणं साधं आहे. ऑफिसात, मित्रांना, सासरी-माहेरी जे डबे वाटणार आहात, त्यातला एक तरी फराळाचा डबा दलित बाईच्या हातचा घ्या. भाव पाडू नका. चकली मऊ निघाली तर तोंडावर सांगा. आम्हाला दया नको, गिऱ्हाईक पाहिजे. आणि डबा देताना कोणाकडून घेतला ते आडनावासकट सांगा. घरातलं कोणी हात आखडता घेतला तर तिथे गप्प बसू नका. खरं भांडण त्याच टेबलावर आहे, आणि ते आमच्यापेक्षा तुम्हालाच करता येईल, कारण तिथे आम्हाला बोलावलेलं नसतं.

आईनं यंदा नवे स्टिकर छापायला टाकलेत. त्यावर आडनाव घालायचं, असा माझा हट्ट आहे. ती म्हणते, ऑर्डरी कमी झाल्या तर? तिला काय उत्तर द्यायचं, ते मी तुम्हाला विचारतोय.