चोरीचा बैल आणि निर्दोष ग्राहक

पेरणीच्या तोंडावर गोठ्यातून बैल चोरीस जातो आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याच्या दावणीला आढळतो. त्याने तो भर बाजारात, रास्त दामाने घेतलेला असतो. वाशीमसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात बैल कोणाचा, हा प्रश्न मग दोन कुटुंबांच्या हंगामाचा होतो.

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या २७ व्या कलमानुसार विक्रेत्यापाशी जो हक्क नाही, तो ग्राहकाला सहसा मिळत नाही. चोराचा हक्कच नसल्याने बैल मूळ मालकाचा राहतो. खुल्या बाजारातील प्रामाणिक खरेदीला संरक्षण देणारी इंग्लंडमधील जुनी रूढीही १९९४ च्या कायद्याने मोडीत काढली. भारताने ती स्वीकारलीच नव्हती.

हे योग्यच आहे. अन्यथा चोरीचा माल पचवण्याचा राजमार्गच बाजारात खुला होईल. परंतु निर्दोष ग्राहकाला वाऱ्यावर सोडणे हाही न्याय नव्हे. विक्रेत्याकडून किंमत परत मागण्याचा हक्क त्याला आहे. मात्र विक्रेता कोण हेच ठाऊक नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो.

यास्तव विक्रेत्याचे नाव, गाव आणि जनावराच्या खुणा नोंदवलेल्या पावतीवाचून एकही व्यवहार होणार नाही, हे बाजार समित्यांनी कटाक्षाने पाहिले पाहिजे. जप्त मुद्देमाल पोलीस ठाण्यात दीर्घकाळ अडकवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावले आहे. त्याचे पालन झाले, तर निदान मालकाची पेरणी तरी साधेल.