पोट दिसत नाही तेव्हाचे दिवस

सातव्या महिन्यात बाईचे सगळे कोडकौतुक होते. ओटी भरतात, झोपाळ्यावर बसवतात, काय खावेसे वाटते ते विचारतात. पण खरी कसोटी असते पहिल्या तीन महिन्यांत. तेव्हा पोट दिसत नाही, बातमी कुणाला सांगायची नसते, आणि शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला तरी तोंडाला पदर लावून मोरी गाठावी लागते.

असेच एक पत्र समोर आहे. लिहिणारी बाई तालुक्याच्या गावी राहते, रोज एस.टी.ने शाळेत शिकवायला जाते. दुसरा महिना चालू आहे. ती लिहिते, ‘सकाळी उठल्यापासून कोरड्या उलट्या. पोटात काही ठरत नाही. सासूबाई म्हणतात, आम्ही नऊ महिने भरेपर्यंत राबलो, हिला चहाचासुद्धा वास सोसत नाही. मागच्या वर्षी दोन महिन्यांचं पडलं, तेव्हा कळशी उचलली म्हणून झालं, असं सगळे म्हणाले. आता खात नाही म्हणून बाळाला काही होईल का?’

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. दुसरा महिना संपताना बाळ जेमतेम बोराएवढे असते. त्याची भूक ती केवढी! ती तुमच्या अंगातल्या साठ्यातून भागते. चार घास कमी गेले म्हणून त्याची आबाळ होत नाही. पाणी मात्र पोटात गेलेच पाहिजे.

आता सासूबाईंचे. त्यांना त्रास झाला नसेल हे अगदी खरे असू शकते, आणि तुम्हाला होतो हेही तितकेच खरे. गर्भाकडून आईच्या रक्तात जीडीएफ १५ नावाचे एक द्रव्य येते. त्याने मळमळ होते, असे डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. जिच्या अंगात हे द्रव्य आधीपासून कमी, तिला ते एकदम वाढल्यावर जास्त बाधते. म्हणजे ही नाटके नव्हेत आणि नाजूकपणाही नव्हे. बहुतेकींचा त्रास चौथ्या महिन्यात उतरतो.

तोवर दिवस काढायचे कसे? रिकामे पोट हा या दिवसांतला पहिला वैरी. रात्री झोपताना उशाशी एका डबीत साळीच्या लाह्या, खाकऱ्याचे तुकडे किंवा भाजलेले चणे ठेवा. सकाळी डोके उचलण्याआधी पडल्यापडल्याच चार तुकडे सावकाश चावून खा, दहा-पंधरा मिनिटे तशाच पडून राहा, आणि मग उठा. चहा मागाहून. दिवसभरात दोन वेळची ताटे विसरा. दर दोन तासांनी मूठभर काहीतरी: राजगिऱ्याची वडी, दहीभात, गार झालेली मऊ खिचडी. गरम अन्नाला वास फार सुटतो, गार अन्न पुष्कळदा खपते. पाणी जेवणाबरोबर गटागटा पिऊ नका, मधल्या वेळी घोट घोट घ्या. लिंबाचे सरबत, आमसुलाचे सार, आल्याचा तुकडा मीठ लावून, यांपैकी जे रुचेल ते. सकाळी दात घासताना ओकारी येत असेल तर काही खाऊन थोड्या वेळाने घासा, जगबुडी होत नाही. आणि फोडणी यजमानांनी घातली तर भाजी काही बिघडत नाही, फार तर मोहरी करपेल.

काही दिवस एवढेच पोटात गेले तरी चालते. पण पाणीसुद्धा टिकेनासे झाले, सात-आठ तास लघवीला झाली नाही किंवा ती गडद पिवळी होऊ लागली, उभे राहिल्यावर अंधारी येऊ लागली, वजन झपाट्याने उतरू लागले, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. सलाइन लावून एक-दोन दिवसांत बाई ताजीतवानी होते. उलटीवर या दिवसांत चालणारी औषधे आहेत, पण ती डॉक्टरांनी दिलेलीच घ्यावीत. थॅलिडोमाइडची गोष्ट विसरू नका. १९५७ मध्ये जर्मनीत ही गोळी निर्धोक म्हणून बाजारात आली, गर्भार बायकांना मळमळीवर दिली गेली, आणि १९६१ मध्ये ती मागे घेईपर्यंत हजारो मुले हातापायांत व्यंग घेऊन जन्मली.

फॉलिक ॲसिडची गोळी मात्र चुकवू नका. रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरते, पण डॉक्टरांनी जास्त सांगितली असेल तर तीच घ्या. बाळाच्या मेंदूचा आणि पाठीच्या कण्याचा पाया पहिल्या काही आठवड्यांतच घातला जातो, म्हणून खरे तर ती दिवस राहण्याआधीपासूनच घ्यायची. लोहाच्या गोळ्या सहसा चौथ्या महिन्यापासून सुरू होतात. तीन महिने बातमी बाहेर फोडायची नाही, ही रीत पाळायची तर पाळा. शेजारणींना सांगू नका, पण डॉक्टरांना सांगा. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवून रक्ताच्या तपासण्या व्हायला हव्यात. शाळेतल्या एखाद्या विश्वासू बाईंनाही कानात सांगून ठेवा, म्हणजे वर्ग सोडून पळावे लागले तर कुणी सांभाळील.

राहिली ती कळशी. पत्रातली हीच ओळ मला सगळ्यांत टोचली. कळून आलेल्या दर दहा गर्भारपणांपैकी निदान एक तरी असे सुरुवातीलाच संपते, आणि त्यांपैकी सुमारे निम्म्यांत बीजातच, म्हणजे गुणसूत्रांत, दोष राहिलेला असतो. तो गर्भ कळशी उचलली नसती तरी टिकला नसता. वर्षभर तुम्ही तो दोष स्वतःच्या माथी घेऊन वावरलात, तो आता उतरवून ठेवा. या वेळचे वचन मी देऊ शकत नाही. मात्र एकदा पडले म्हणजे पुन्हा पडेलच असे नाही, बहुतेकींचे पुढचे गर्भारपण नीट पार पडते. सातव्या-आठव्या आठवड्यात सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाचे ठोके दिसले, तर काळजी बरीच हलकी होते. अंगावरून लाल जाऊ लागले किंवा ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ आली, तर मात्र सकाळची वाट पाहू नका, रात्रीसुद्धा जा.

सोनोग्राफीला जाताना, जमले तर, सासूबाईंनाच बरोबर न्या.