हुकमाची प्रार्थना

रविवारची उपासना संपली, देवळाच्या आवारात चार वडीलधारी माणसे उभी राहिली, की एक वाक्य हमखास कानावर येते. "मिशनच्या शाळांतून प्रभूची प्रार्थना गेली आणि पोरे बिघडली." तिथून उठून बाजारात किंवा एसटी स्टँडवर गेलो तर दुसरे वाक्य तयारच असते. "मिशनची शाळा म्हणजे प्रार्थनेच्या नावाखाली बाटवाबाटवी." ही दोन वाक्ये बोलणारी माणसे एकमेकांच्या सावलीलाही उभी राहत नाहीत. पण दोघांचा समज मात्र एकच आहे. शब्द पोराच्या तोंडात घातले की ते आपोआप काळजात उतरतात, असे दोघांनाही वाटते.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत माझी सारी नोकरी मराठी शिकवण्यात गेली. परिपाठाला रोज मुलांसमोर उभा राहिलो. तेव्हा दोन्ही बाजूंना स्पष्टच सांगतो, शब्द असे उतरत नसतात! निम्मी पोरे पुढच्याच्या शर्टाला शाई लावत असतात, उरलेली पहिल्या तासाच्या गृहपाठाची चिंता करत असतात.

आधी आपल्या घरातल्यांशी बोलतो. आपण ख्रिस्ती माणसे ज्या प्रार्थनेसाठी हट्ट धरतो, ती मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. पण त्याच अध्यायात, ती प्रार्थना शिकवण्याआधी प्रभू काय सांगतो? लोकांना दिसावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करू नका, आपल्या खोलीत जा, दार लावा, आणि उगाच बडबड करू नका. आपण एवढा भाग सोडला आणि पुढची प्रार्थना तेवढी उचलून लाऊडस्पीकरवर लावली. रांगेत कोणाचे ओठ हलत नाहीत हे पाहायला मॉनिटर नेमला. एका शाळेत ओठ न हलवणाऱ्या मुलाला परिपाठ संपेपर्यंत अंगठे धरून उभे केलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. शाळेचे नाव सांगत नाही, कारण असे करणाऱ्या शाळा सर्व धर्मांच्या आहेत. त्या मुलाला देवाबद्दल त्या दिवशी काय शिकवले गेले, याचा विचार कोणी केला?

आता बाहेरच्यांशी. त्यांना आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगतो. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्याला आणले. पैसा अमेरिकेतून येत होता, बाई स्वतः ख्रिस्ती झाल्या होत्या, पण सदनात धर्म शिकवायचा नाही असे ठरलेले होते. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. झाले! 'केसरी'ने रान उठवले. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. गंमत पाहा, हे दोघेही प्रार्थना समाजाचे पुढारी!

पण मी रानडे-भांडारकरांना वेड्यात काढणार नाही. त्यांच्या शंकेत दम होता. जिला दुसरा आसरा नाही अशी विधवा ज्या छपराखाली राहते, त्या घरच्या बाईच्या प्रार्थनेला जाऊन बसते, तेव्हा तिची मर्जी किती मोकळी असते? हा प्रश्न आजही खरा आहे. सात वर्षांच्या पोराची मर्जी मुख्याध्यापकापुढे किती मोकळी असणार? पुढे सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, हेही खरे.

तरी त्याच सदनात शिकलेली गोदूबाई आठवा. १८९३ मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि कर्व्यांच्या संस्थेसाठी ती जन्मभर राबली. ती हिंदूच राहिली. सदनात तिला शिक्षण मिळाले, धर्म कोणी हिसकावला नाही. म्हणजे उघडे दार हा गुन्हा नव्हे. मात्र त्या दारातून जसे आत जाता येते तसे विनासायास बाहेरही पडता आले पाहिजे. ज्याने बाहेर राहणे पसंत केले त्याच्या ताटातली भाकरी कमी होता कामा नये. माझी कसोटी एवढीच आहे.

आणि बाटण्याचे म्हणाल, तर आमची बारामती मोरोपंतांची. सत्संगाचे मागणे मागणारा 'केकावली'तला त्यांचा श्लोक आमच्या किती पिढ्यांनी शाळेत घोकला! ख्रिस्ती घरांतल्या मुलांनीही घोकला. त्याने कोणाचा बाप्तिस्मा पुसला गेला नाही, उलट आमचे मराठी सुधारले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता शिकताना हजारो हिंदू मुलांचे डोळे पाणावले. त्यातले कोणी बाटले काय? एका ख्रिस्ती कवीची करुणा 'आमेन' न म्हणता वर्गात आली आणि मुलांच्या मनात राहिली. शाळेत ख्रिस्ती चिंतन हवे असेल तर ते असे यावे.

कायदाही हेच सांगतो. संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही धार्मिक उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. स्वतःची संमती लागते, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाची. केरळात यहोवाचे साक्षीदार पंथातली तीन भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडायचे नाकारले, तेव्हा २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशी सक्ती करता येणार नाही असे सांगितले. आमच्या मंडळीतले लोक पहिला निकाल आनंदाने सांगतात आणि दुसरा ऐकला की गप्प होतात. असे कसे चालेल? आपल्या पोराला गप्प उभे राहायचा हक्क हवा, तर आपल्या शाळेतल्या दुसऱ्याच्या पोरालाही तो द्यायला हवा.

कोणी म्हणेल, मग परिपाठातून प्रार्थना काढूनच टाकायची का? मी तसे म्हणत नाही. साने गुरुजींची प्रेमाची प्रार्थना आहे, ती म्हणावी. ज्याला म्हणायची नाही त्याने शांत उभे राहावे, त्याची नोंद कोणी ठेवू नये. दोन मिनिटे संपूर्ण शांतता असावी, ज्याला जो देव आठवेल तो आठवू द्यावा. मिशनच्या शाळेने प्रभूची प्रार्थना शाळा भरण्याआधी एका खोलीत ठेवावी, पालकांना लेखी कळवावे, आणि येणाऱ्या-न येणाऱ्यात फरक करू नये. तिथे पाचच मुले आली तरी वाईट वाटून घेऊ नये.

आषाढात तुकोबांची पालखी आमच्या बारामतीवरून बेलवाडी, इंदापूर करत पंढरीला जाते. लाखो माणसे उन्हापावसात चालतात. त्यांची हजेरी कोणी घेत नाही, ओठ कोणी तपासत नाही. म्हणून तर ती वाट शेकडो वर्षे चालू आहे. ज्या प्रार्थनेला छडी लागते ती छडी मोडली की संपते. माझ्या प्रभूची प्रार्थना एवढी दुबळी आहे असे मी मानत नाही. तुम्ही मानता का?