हलत नाही त्याला तार लावा!

आज जरा भांडायचं ठरवलं आहे. कुणा माणसाशी नाही, तर घराघरांत शिरलेल्या एका समजुतीशी. घरात इंटरनेटची तार दिसली की घर जुनाट, आणि सगळं हवेतून आलं की आपण पुढारलेले!

आमच्या सावनेरात काय किंवा नागपुरात काय, चित्र तेच. भिंतभर टीव्ही येतो, फायबरचं कनेक्शन येतं. जोडणारा मुलगा दाराजवळ, त्याची तार संपते तिथेच राउटर ठोकून जातो. मग दोन खोल्या पलीकडे चित्र अडकायला लागतं. राम गणेश गडकऱ्यांनी जानेवारी १९१९ मध्ये याच सावनेरात शेवटचा श्वास घेतला. त्यांचा 'एकच प्याला' कौतुकाने लावावा, तर सिंधू वाक्याच्या मध्येच थिजते आणि पडद्यावर भोवरा फिरत राहतो. तक्रार केली की ठरलेलं उत्तर: "मोठा प्लॅन घ्या ना भाऊ." आणि आपण मुकाट्याने घेतो!

अहो, जरा हिशेब तर करा. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की फुल एचडीला सेकंदाला ५ मेगाबिट पुरतात आणि फोर-केला १५. म्हणजे ५० मेगाबिटचं कनेक्शन तीन टीव्ही आरामात पोसेल. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटलं होतं; त्याच्या जवळपास दोनशेपट वेग आज दारात उभा आहे. अडतं ते दारापासून टीव्हीपर्यंतच्या पंधरा पावलांत. तिथे प्लॅन १०० चा घ्या की ३०० चा, भिंत तीच राहणार.

राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोचतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळ्यांची गर्दी तिथेच. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण विटांच्या जाड भिंतीपुढे लवकर दमतो. त्यात आपला वैदर्भीय उन्हाळा! पत्र्याचा कूलर, पाण्याने भरलेली टाकी, वाळ्याच्या ओल्या ताट्या... पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषतं. राउटर आणि टीव्हीच्या मधोमध असा कूलर ठेवायचा आणि नेटच्या नावाने बोटं मोडायची, हा कुठला न्याय?

यावर दुकानदार रिपीटर सुचवतो. साधा रिपीटर म्हणजे ऐकलेलं तेच त्याच चॅनेलवर पुन्हा बोलणारा माणूस. अर्धा वेळ ऐकण्यात, अर्धा बोलण्यात. वेगही साधारण अर्धाच उरतो.

माझं म्हणणं सोपं आहे. टीव्ही भिंतीवर टांगलेला आहे, तो फिरायला जात नाही. त्याला राउटरपासून सरळ कॅट-सिक्स केबल ओढा. ती १०० मीटरपर्यंत चालते आणि घरापुरती काही शे रुपयांत येते. बऱ्याच टीव्हींचं केबलचं भोक १०० मेगाबिटचंच असतं, म्हणून नाक मुरडू नका. फोर-केला ते पुरून उरतं. भाड्याचं घर असेल तर भिंतीच्या कडेने चपटी केबल चिकटवा. घर बांधत असाल तर विजेच्या पाइपाशेजारी नेटसाठी वेगळा पाइप आत्ताच टाकून घ्या, नंतर फोडाफोड नको.

आणि हा प्रश्न फक्त सिनेमाचा नाही. घरातली हवा सगळ्यांची सामायिक असते. टीव्ही तासन्तास ती अडवून बसला, की आजीचा पुण्याच्या नातवाशी चाललेला व्हिडिओ कॉल तुटतो, पोरीचा ऑनलाइन क्लास अडकतो. ज्यांना वायरलेसशिवाय गत्यंतर नाही त्यांच्यासाठी ती जागा मोकळी करा. वायरलेसला माझा विरोध नाहीच. फोन हातात घेऊन माणूस अंगणात जाणारच.

प्लॅन वाढवण्याआधी एवढंच करा. फोन घेऊन राउटरशेजारी उभे राहा, वेग मोजा. मग टीव्हीजवळ मोजा. दोन्हीकडे कमी असेल तर खुशाल कंपनीशी भांडा. राउटरपाशी पूर्ण आणि टीव्हीपाशी अर्धाच असेल, तर दोष घरातला आहे. त्याचं दर महिन्याला जास्तीचं बिल भरू नका, एकदाच तार ओढा.