तपासणी आधी कुणाची?

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की घरात कुजबुज सुरू होते. मग सासू, नणंद नाहीतर माहेरची आई सुनेला घेऊन दवाखान्यात येते. नवरा बहुधा येतच नाही. आलाच तर बाहेर मोटारसायकलवर बसून राहतो. केसपेपर बाईच्या नावाने निघतो आणि पुढची चार-पाच वर्षे त्यालाच कागद जोडले जातात. माझे स्पष्ट मत असे आहे की पहिला केसपेपर नवऱ्याच्या नावाचा निघाला पाहिजे.

आपल्या बोलण्यात 'वांझ' हा शब्द बाईसाठी राखून ठेवलेला आहे. पुरुषासाठी तसा रोजच्या वापरातला शब्दच नाही. जो आहे तो 'नपुंसक', आणि त्याचा अर्थ अगदी निराळा. सारा घोटाळा इथे होतो. तपासणीचे नाव काढले की पुरुषाला वाटते, डॉक्टर माझ्या मर्दपणावर शंका घेत आहेत. मग "मला काही प्रॉब्लेम नाही" एवढे बोलून तो विषय मिटवतो.

पुरुषाचे वृषण दोन वेगवेगळी कामे करतात. आतल्या अगदी बारीक, वळ्यावळ्यांच्या नळ्यांमध्ये शुक्रजंतू तयार होतात. या नळ्यांच्या मधल्या जागेत दुसऱ्या पेशी असतात, त्या टेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक बनवून थेट रक्तात सोडतात. दाढी-मिशा, घोगरा आवाज, शरीराची बळकटी, कामेच्छा हे सारे या दुसऱ्या खात्याचे काम. दुसरे खाते उत्तम चालू असूनही पहिले बंद असू शकते. अशा माणसाचे वैवाहिक जीवन सुरळीत चाललेले असते आणि वीर्यात शुक्रजंतू मात्र एकही नसतो.

"पण डॉक्टर, दिसायला तर सगळे ठीक आहे," असे काहीजण संकोचाने सांगतात. दिसण्यावर जाऊ नये. वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा द्रव असतो. त्यात शुक्रजंतूंचा वाटा शंभरात पाच भागांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. ज्यांनी नसबंदी करून घेतली आहे त्यांना विचारा. शुक्रजंतूंची वाट बंद झाली तरी नुसत्या डोळ्यांना काही फरक दिसत नाही, ताकदही कमी होत नाही. तेव्हा घट्ट-पातळ यावरून घरबसल्या निदान करण्यात अर्थ नाही. ते सूक्ष्मदर्शकाचे काम आहे.

कायद्याला हा फरक केव्हाच कळला आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. नपुंसकत्वामुळे शरीरसंबंधच झाला नसेल तर त्या कायद्याखाली विवाह रद्द करून मागता येतो. केवळ मूल होत नाही या कारणावर ना विवाह रद्द होतो, ना घटस्फोट मिळतो. पहिली बायको नांदत असताना "वंशाला दिवा हवा" म्हणून दुसरी करणे हा तर गुन्हाच आहे. तरीही आमच्या भागात तशी बोलणी अजून होतात, आणि तीही नवऱ्याचा एकसुद्धा रिपोर्ट हाती नसताना. दुसरी येते आणि तिलाही दिवस जात नाहीत. मग गाव म्हणते, घराण्याला शाप आहे.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण सापडते. वृषणाच्या शिरा फुगलेल्या असतात, वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषणाला सूज येऊन गेलेली असते, तंबाखू-सिगारेट-दारू असते. काहींचे वृषण लहानपणी खाली उतरलेलेच नसतात. (तान्ह्या मुलाचे वृषण सहा महिन्यांचा झाला तरी पिशवीत हाताला लागत नसतील तर डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशन वर्ष-दीड वर्षाच्या आत व्हायला हवे.) वृषणांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी उष्णता लागते, म्हणून तर निसर्गाने ते बाहेर ठेवले आहेत. भट्टीसमोर तासन्‌तास उभे राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

अलीकडे यात एका नव्या कारणाची भर पडली आहे. पीळदार शरीरासाठी जिममध्ये कुणाच्या तरी सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणारी मुले तालुक्याच्या गावातही दिसू लागली आहेत. बाहेरून माल येतो म्हटल्यावर मेंदू वृषणांना काम करण्याचा हुकूम देणे थांबवतो. दंड फुगतात आणि शुक्रजंतूंची निर्मिती बंद पडते. इंजेक्शने थांबवल्यावर ती बहुतेकांत परत सुरू होते, पण त्याला महिनोन्‌महिने लागतात.

आता बाईची बाजू. तिच्या बीजकोशातून महिन्याला साधारण एक बीज सुटते आणि ते जेमतेम १२ ते २४ तास टिकते. शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणजे महिन्यात मोजून सहाएक दिवस कामाचे, आणि तेही पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधीचे. नवरा ट्रकवर किंवा पलटणीत असेल आणि वर्षाकाठी दोनदा घरी येत असेल, तर लग्नाची वर्षे मोजून उपयोग काय? हा साधा प्रश्न पुष्कळदा कुणी विचारतच नाही. बाईकडे दोष नसतोच असे मी म्हणत नाही. बीज वेळेवर न सुटणे, बीजवाहक नळ्या बंद असणे, आणि आपल्याकडे विशेषकरून त्या नळ्यांचा क्षय, ही कारणे आहेतच. वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच दोघांच्या तपासण्या बरोबरीने सुरू कराव्यात. एरवी वर्षभर वाट पाहायला हरकत नाही.

पण बाईच्या तपासण्या काय असतात ते पाहा. नळ्यांमध्ये औषध सोडून एक्स-रे काढतात, तेव्हा ती कळवळते. दुर्बिणीच्या तपासणीला भूल द्यावी लागते. नवऱ्याच्या तपासणीला सुई नाही, भूल नाही, खर्च काही शे रुपयांचा. आठ वर्षांत दोनदा क्युरेटिंग आणि एकदा दुर्बीण झालेली एक बाई माझ्याकडे आली होती. तिच्या जाडजूड फाईलमध्ये नवऱ्याचा एक चिठोराही नव्हता. याला सासू एकटी जबाबदार नाही. त्या फाईलमधल्या प्रत्येक कागदावर एका डॉक्टरची सही होती.

लॅबवाल्यांनाही दोन शब्द सांगायला हवेत. लघवीच्या नमुन्याच्याच संडासात पुरुषाला पाठवायचे, आणि पाच मिनिटांनी बाहेरून कडी वाजवायची, याला सोय म्हणत नाहीत. स्वतंत्र खोली नसेल तर नमुना घरून आणू द्यावा. लॅबने दिलेल्या स्वच्छ डबीत, अंगाच्या उबेला धरून, तासाभराच्या आत पोहोचला म्हणजे झाले. साधा निरोध वापरू नये, त्यातल्या औषधाने शुक्रजंतू मरतात. साबण-तेलही नको. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही खालची मर्यादा धरतात. आकडा त्याहून कमी आला म्हणून मूल होणारच नाही असे नाही. एका रिपोर्टवर निकालही लावू नये. शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे आजचा रिपोर्ट तीन महिन्यांपूर्वीची हकिकत सांगत असतो. मध्यंतरी टायफॉईड किंवा डेंग्यूचा ताप येऊन गेला असेल तर आकडा घसरतो आणि पुढे सावरतोही. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

"घरात सगळे वाचतात त्या पेपरात असले विषय नकोत," असे पत्र कुणीतरी धाडेल हे मी गृहीत धरले आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. एवढ्या वर्षांनंतरही आपण कुजबुजतच बोलायचे काय?

रिपोर्ट शून्य आला तरी रस्ते आहेत. कधी निर्मिती ठीक असून वाटेतच अडथळा असतो. एकच शुक्रजंतू सुईने बीजात सोडण्याची पद्धत बेल्जियममध्ये विकसित झाली आणि १९९२ पासून जगभर पसरली. खर्च मोठा आहे, यशाची हमी नाही, आणि केंद्र २०२१ च्या कायद्याखाली नोंदलेले आहे ना, हे आधी पाहून घ्यावे.

काही नवरे गुपचूप तपासणी करतात, रिपोर्ट वाचतात आणि कपाटात कपड्यांखाली सारून देतात. बायको मात्र गोळ्या घेत राहते, नवस बोलत राहते. रिपोर्ट त्याचा असल्यामुळे मला तो त्याच्याच हाती द्यावा लागतो. पण त्या दिवशी येताना बायकोला सोबत आणा, असे मी तारीख देतानाच सांगून ठेवतो.